'गर्भाशयदर्शन' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: हिस्टेरोस्कोपीला मराठीत 'गर्भाशयदर्शन' म्हणावं का, आणि हिस्टेरेक्टॉमी म्हणजे तेच का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथली गल्लत महागात पडते. दोन्ही शब्दांत ग्रीक 'हिस्टेरा', म्हणजे गर्भाशय. (हिस्टेरिया हा शब्दही त्यातूनच निघाला, मनाच्या दुखण्याचं खापर बिचाऱ्या पिशवीवर!) पण 'स्कोपी' म्हणजे पाहणं आणि 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणं. एकीत पिशवी आतून बघतात, दुसरीत ती काढूनच टाकतात. म्हणून हिस्टेरोस्कोपीला 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणू नये. ऐकणारी उगाच धास्तावते.

'गर्भाशयदर्शन' व्याकरणाने चोख आहे, पण 'दर्शन' म्हटलं की हात जोडावेसे वाटतात. गाभारासुद्धा गर्भागारातूनच आला आहे म्हणा! खरी अडचण वेगळीच. इथे नुसतं बघून परतत नाहीत. पॉलिप (आतल्या अस्तरातून फुटलेला मऊ कोंब), पोकळीत डोकावणारी फायब्रॉइडची गाठ, जन्मजात पडदा किंवा चिकटलेल्या भिंती दिसल्या, तर त्याच वाटेने बारीक हत्यारं घालून त्यांचा निकाल लावता येतो. हे पहिल्यापासूनच असं आहे. १८६९ साली पँटालिओनी या डॉक्टरांनी रक्तस्राव होणाऱ्या एका साठ वर्षांच्या बाईच्या गर्भाशयात डोकावून पाहिलं, पॉलिप सापडला आणि त्यांनी तो सिल्व्हर नायट्रेटने जाळला.

बोलण्यात चालते ती 'दुर्बीण'. फारसी 'दूरबीन' म्हणजे लांबचं पाहणारी; इथे ती अगदी हाताशी असलेलं पाहते, पण शब्द रुळला आहे, राहू द्यावा. फक्त लॅपरोस्कोपीलाही लोक 'दुर्बीण'च म्हणतात. तिच्यात पोटाला छोटे छेद देतात आणि गर्भाशय बाहेरून दिसतं. हिस्टेरोस्कोपीत छेद नसतो. दुर्बीण योनिमार्गाने, पिशवीच्या तोंडातून आत जाते. तेव्हा माझं मत 'पिशवीची आतून दुर्बीण' या बाजूने. लेखात 'गर्भाशयाची अंतर्दर्शक तपासणी' लिहा हवं तर, पण उपचारही झाला असेल तर तो वेगळा सांगावा लागेल.

जाता जाता: वर मी 'पोकळी' म्हटलं, तेही तसं सैलच. एरवी गर्भाशयाच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. सलाइन सोडून त्या दूर केल्या की मगच आतलं दिसतं. पोकळी कसली, मिटलेलं पाकीट ते.