२०१८ च्या एनएफएल ड्राफ्टआधी (अमेरिकन फुटबॉलच्या या लीगमधले संघ त्यात कॉलेजचे खेळाडू निवडतात) जॉश ॲलनला ओव्हररेटेड म्हणणारे चुकले होते का?

निकाल चुकला, पण शंका रास्त होती. वायोमिंग विद्यापीठाकडून खेळताना ॲलनचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण झाले होते, तेही तुलनेने दुबळ्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेज संघांच्या गटात). कॉलेजात नेम नसलेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू, ॲलन तोच) एनएफएलमध्ये गेल्यावर अचूक होत नाही, हा अनुभव जुना होता. हात तोफेसारखा, उंची साडेसहा फुटांच्या आसपास, पळायलाही दणकट. खेळाडू हेरणारे स्काउट लोक अशा देहयष्टीवर भाळतात आणि बहुतेक वेळा तोंडघशी पडतात.

बफेलो बिल्सने मात्र निवडीच्या क्रमात १२ वरून ७ वर उडी मारून त्याला घेतलं. पहिल्या वर्षी पूर्ण झालेले पास ५२.८ टक्के! टीकाकारांना आयतंच कोलीत. पुढच्या वर्षी ५८.८, आणि २०२० मध्ये थेट ६९.२. त्याच वर्षी पास झेलणारा रिसीव्हर स्टीफॉन डिग्ज संघात आला होता, त्यामुळे सगळं श्रेय ॲलनच्या मेहनतीला देणं मला पटत नाही. पण फेकण्याची पद्धत, विशेषतः पायांची ठेवण, त्याने खरंच घासूनपुसून सुधारली. २०२४ च्या मोसमात तो एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू, ठरला.

आणि हो, त्याच ड्राफ्टमध्ये जॉश रोझेनला अनेकजण सगळ्यात तयार पासर म्हणत होते. तो १० वा गेला, ॲरिझोनाने वर्षभरातच त्याला मायामीला देऊन टाकलं. म्हणून ‘ॲलन सुधारला, मग आमचा पोरगाही सुधारेल’ असं दर ड्राफ्टआधी कुणी म्हणालं, की मी आधी त्या पोराची कम्प्लिशनची (पूर्ण पासांची) टक्केवारी विचारतो.