दुसरी एचएसजी थांबव, आधी नवऱ्याचा रिपोर्ट काढ

लग्नाला तीन वर्षं झाली, मूल होत नाही, नवे डॉक्टर पुन्हा एचएसजी (डाय सोडून गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघणारा एक्स-रे) सांगतायत आणि नवरा म्हणतो "माझ्यात काही दोष नाही", असं लिहिलंयस. त्याला एवढंच विचार, कशावरून?

माझं सांगते. दीड वर्ष रक्ततपासण्या, महिन्याच्या महिन्याला फॉलिक्युलर स्टडीच्या (स्त्रीबीज वाढतंय का ते बघायच्या सोनोग्राफीच्या) फेऱ्या, एचएसजी (डाय सोडली तेव्हा टेबलाची कड धरून ठेवली होती), शेवटी लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाला छेद देऊन दुर्बिणीनं तपासणी. नवऱ्याचं सीमेन ॲनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी, कुणी सांगितलंच नाही, आणि मीही विचारलं नाही. माझ्या पोटावर टाके पडल्यावर ते झालं. शुक्राणूंचा काउंट 4 मिलियन! डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला 16 मिलियन आहे.

तपासणीत अवघड काही नाही. आधी 2 ते 7 दिवस संबंध नकोत. नमुना घरून नेणार असाल तर तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा, म्हणून जवळची लॅब बघा. आकडा कमी आला तरी लगेच हाय खाऊ नका. मधे चांगला ताप येऊन गेला असेल तरी आकडा खाली येतो. शुक्राणू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करा. तरीही कमीच आला तर त्यानं यूरॉलॉजिस्ट (मूत्रमार्गाचा आणि पुरुषांच्या अशा तक्रारींचा डॉक्टर) गाठायचा. तुझ्या गायनॅककडे त्याची फाइल नको.

आता कुणी आधी सांगत नाही ते. दोष त्याचा निघाला तरी इक्सी (लॅबमध्ये एकेक शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडायचा उपचार) तुझ्याच अंगावर होते. दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं, मग भूल देऊन स्त्रीबीजं काढणं. आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी इंजेक्शनांचा स्टीलचा डबा असायचा. सासूबाईंना सांगितलं होतं, माझी व्हिटॅमिनची आहेत.

हो, खोटं बोलले. त्याला कमीपणा नको म्हणून. त्याचा रिपोर्ट कपाटात असताना मी सासूबाईंच्या सांगण्यावरून सोळा सोमवार केले, आणि त्या दिवशीही तो शांतपणे साबुदाण्याची खिचडी खाऊन ऑफिसला गेला. राग आजही त्याच खिचडीचा येतो, इंजेक्शनांचा नाही.

पुढे त्यानंच आईला सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला माहीत होतं, मग उपास कशाला केलेस गं?"

तेव्हा रिपोर्ट कसाही येवो, तुझ्या सासूबाईंना कोण सांगणार हे लॅबमध्ये जायच्या आधीच दोघांनी ठरवा. माझं मत विचारशील तर, त्यानं सांगावं.