प्रादेशिक विमान कंपनीत एटीआरवर रुजू व्हावं, की एअरबसची वाट पाहावी?

तुम्ही विचारलंय की सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) हातात आहे, एका छोट्या प्रादेशिक कंपनीकडून एटीआर 72 या पंख्याच्या छोट्या विमानासाठी बोलावणं आलंय, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे. आणि ज्याला विचारावं तो एकतर ‘बिनधास्त जा’ म्हणतो, नाहीतर ‘या कंपन्या बुडतात’ म्हणून घाबरवतो. मी एटीआरवर कॅप्टन आहे आणि ज्या कंपनीत सुरुवात केली ती आज अस्तित्वात नाही. तरी सांगतो, उडण्याबद्दल खुशाल आशावादी राहा. कंपनीबद्दल मात्र अजिबात नको.

बुडण्याचं आधी बोलू, कारण ते खरं आहे. 27 एप्रिल 2017 ला उडान या छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी योजनेची पहिली विमानं सुटली, त्यात नांदेड–हैदराबादही होतं. ते चालवणारी ट्रूजेट फेब्रुवारी 2022 मध्ये थांबली. जळगाव आणि नाशिकहून मुंबईला छोटी बीचक्राफ्ट उडवणाऱ्या नव्या एअर डेक्कनने एप्रिल 2020 मध्ये काम थांबवलं. कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, 2023 च्या अहवालात हिशोबच मांडलाय: उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, त्यातल्या 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि त्यापुढे मार्च 2023 मध्ये 54 उरले होते.

कारण सरळ आहे. सरकार तूट भरून देतं ती तीन वर्षं, आणि त्या बदल्यात ठरावीक आसनं बांधलेल्या भाड्यात विकावी लागतात. विमान भाड्याने घेतल्याचे पैसे डॉलरमध्ये द्यायचे, तिकीट रुपयांत विकायचं. त्यात ताफ्यात विमानं मोजून तीन-चार. एक इंजिनाच्या कामासाठी उभं राहिलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं. पायलट कितीही चांगला असला तरी यातलं काही त्याच्या हातात नसतं.

पण जे एअरबसची वाट बघत घरी बसण्यालाच शहाणपण समजतात त्यांना मी विचारतो, किंगफिशर, जेट, गो फर्स्ट यातली छोटी कोणती होती?

कंपनी बंद पडली की पगार जातो हे सगळ्यांना कळतं. मला जास्त भीती वाटते दुसऱ्या गोष्टीची. आपलं रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवण्याची परवानगी, चालू राहते ती सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये (नकली कॉकपिटमध्ये, आम्ही त्याला सिम म्हणतो) होणाऱ्या चेकवर, आणि 90 दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग असावी लागतात. कंपनी गेली की विमान गेलं, सिम गेलं. पुढच्या मुलाखतीला जाताना रेटिंग जिवंत ठेवायचं तर सिमचे पैसे स्वतःच्या खिशातून. एटीआर चालवणाऱ्या कंपन्या देशात मोजक्याच, त्यामुळे एक बंद पडली की सगळे त्याच दोन-तीन दारांशी रांगेत. म्हणून पहिल्या पगारापासून ‘सिमचे पैसे’ वेगळे टाका. घरच्यांना हे समजावणं अवघड जातं. त्यांच्या मते मुलगा पायलट झाला म्हणजे गाडी घ्यायला हवी.

आता उडण्याचं. इथे माझा सूर बदलेल, त्याला इलाज नाही.

लोक याला ‘पंख्याचं विमान’ म्हणतात. मागच्या दाराने चढतानाच कुणीतरी विचारतं, हे पोहोचेल ना? पोहोचतं. पण पोहोचवताना काम करावं लागतं. जेट तीस-पस्तीस हजार फुटांवरून ढगांच्या वरून जातं, आपण सतरा-अठरा हजारांवर ढगांच्या पोटातून वाट काढतो. इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल नाही, पॉवर लिव्हर हातानेच. वेगळं एपीयू (जमिनीवर वीज-हवा पुरवणारं छोटं इंजिन) नाही, त्यामुळे जमिनीवर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवायचा आणि ते इंजिन चालू ठेवून वीज-हवा घ्यायची. त्याला हॉटेल मोड म्हणतात. मे महिन्यात नांदेडच्या धावपट्टीशेजारी उभं राहिल्यावर त्याची किंमत कळते.

दिवसाला चार, कधी सहा सेक्टर, म्हणजे उड्डाणाचे टप्पे. तासाभराची उड्डाणं. धावपट्ट्या आखूड. काही विमानतळांचे वॉच अवर्स, म्हणजे ते चालू असण्याचे तास, इतके कमी की उशीर झाला तर तिथे जाताच येत नाही. जुलैत सिंधुदुर्गात ढग इतके खाली येतात की गोल फिरून परत जाण्याचा निर्णय हा रोजच्या कामाचाच भाग होतो. अशा ठिकाणी पावसाळ्यात लँडिंग बहुधा कॅप्टनच करतो. तुम्ही शेजारी बसून बघाल आणि चिडाल. चिडा, पण बघा. दोन पावसाळे असे काढलेला फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) सिममध्ये मी लगेच ओळखतो.

हे शिकणं कंपनीबरोबर बुडत नाही. लॉगबुकातले तास तुमचे. कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याला 1500 तास आणि इतर अटी आहेत. वर्षाला उड्डाणाची मर्यादा 1000 तास, पण छोट्या कंपनीत तेवढे मिळतील असं धरू नका. ‘दोन वर्षांत कमांड’, म्हणजे कॅप्टनपद, असं कोणी सांगितलं तर मनातल्या मनात दुप्पट करा. शिवाय परदेशातल्या बऱ्याच कंपन्या जेटचेच तास मोजतात आणि पगार एअरबसवाल्या मित्रापेक्षा कमी असेल. उलट, रात्री बहुतेक वेळा आपल्या बेसवर, म्हणजे घरी झोपता. लग्नानंतर याचं मोल माझ्या लक्षात आलं.

बाकी, पायलटची वैद्यकीय तपासणी, म्हणजे मेडिकल, कधीही अडकू शकतं, तेव्हा लॉस ऑफ लायसन्सचा (लायसन्स गेलं तर पैसे देणारा) विमा पहिल्याच वर्षी काढा.

ऑफरचा कागद हातात आला की पगाराचा आकडा सोडून बाकीचं वाचा. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमाने नोकरी सोडण्याची नोटीस फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष. ते टळत नाही. पण बाँडची रक्कम, म्हणजे मुदतीआधी सोडल्यास कंपनीला भरायचे पैसे, महिन्यागणिक उतरत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते? कंपनी बंद पडली तर बाँडचं काय, हे लिहिलंय का? विमानं आज किती उडतायत आणि किती नुसती उभी आहेत, हे तिथल्याच एखाद्या फर्स्ट ऑफिसरला चहाला नेऊन विचारा, एचआरला नको.

टाइप रेटिंग (वर सांगितलेलं रेटिंग) त्यांच्या खर्चाने आणि बाँड उतरता असेल तर माझ्या मते जा, लगेच जा. ‘आत्ता रेटिंगचे पैसे तुम्ही भरा, नोकरीचं नंतर बघू’ अशी बोली असेल तर आणखी कर्ज काढू नका. त्यापेक्षा बारामती-गोंदियाकडच्या फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून लागा. तास तिथेही वाढतात, आणि एअरबसची वाट बघायचीच असेल तर ती कॉकपिटमध्ये बसून बघता येते.