वजनाचा काटा हलत नाही, म्हणून चालणं सोडलं

लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम असलेले काका गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले, ते वही काखेत घेऊनच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) टाइप टू मधुमेहाला सात वर्षं झालेली. वहीत दीड महिन्याचं रोजचं वजन, एका दिवसाचा खाडा नाही. पहिल्या ओळीत ७८ किलो, शेवटच्या ओळीत साडेसत्त्याहत्तर.

"रोज पहाटं पाचला उठून पाऊण तास चाललो मॅडम. दीड महिन्यात अर्धा किलो! उपेग काय? दिलं सोडून."

हे गाऱ्हाणं मला नवं नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही बारदाना मोजताय. माल मोजलाच नाही." ते हसले, पण पटलं नव्हतं.

जेवणातून आलेली बरीचशी साखर स्नायूंत जाते. मधुमेहात इन्शुलिन दार वाजवतं, पण दार नीट उघडत नाही. चालताना मात्र स्नायू आकुंचन पावला की साखर आत घेणारी ग्लूट-४ नावाची प्रथिनं इन्शुलिनची वाट न बघता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. शिवाय त्यानंतर दिवसभर, कधी दोन दिवस, स्नायू इन्शुलिनचं जरा जास्त ऐकतात. यात वजन घटायलाच हवं असं कुठंच नाही. २००१ साली १४ चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात व्यायाम करणाऱ्यांचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज टक्क्यांत देणारा आकडा, इतरांपेक्षा सुमारे ०.६६ ने कमी निघालं. वजनात मात्र म्हणावा असा फरक नव्हता.

हिशोब म्हटल्यावर काका सरसावून बसले.

मग त्यांचा दिवस विचारला. नऊला गादीवर बसायचं ते रात्री आठपर्यंत. दीड वाजता तीन भाकरी, वरण, ठेचा, आणि लोडाला टेकून डुलकी. पहाटेच्या पाऊण तासानंतर दहा-अकरा तास बूड हलत नव्हतं. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात बाहेर चाला असं मी कोणत्या तोंडानं सांगणार? म्हटलं, गोदामात पोत्यांच्या थप्प्यांमधून पंधरा मिनिटं फिरा. चपला घालूनच. पोती शिवायचं दाभण खाली पडलेलं असतं, आणि त्यांच्या तळव्यांना मुंग्या येत होत्या. टोचलं तरी कळलं नसतं.

दोन दिवस, सारखंच जेवण, दोन तासांनी ग्लुकोमीटर. बसून राहिले त्या दिवशी २३६. फिरले त्या दिवशी १८९. एकेका आकड्यावर मी फार भिस्त ठेवत नाही, पण काकांनी त्या रात्रीच वहीत नवा रकाना आखला.

इथं माझी एक चूक झाली. ते ग्लिमेपिराइड, म्हणजे शरीरातलं इन्शुलिन वाढवून साखर उतरवणारी गोळी, घेत होते, हे कागदावर वाचूनही मी गोळीची आणि जेवणाची वेळ नीट विचारली नाही. उत्साहाच्या भरात काकांनी एक दिवस सकाळी गोळी घेतली, नाश्ता टाळला आणि तासभर चालले. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी, साखर ६४. हमालानं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली म्हणून निभावलं. मी त्यांच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी डोस निम्मा केला. तेव्हापासून खिशात साखरेची पुडी असते. इन्शुलिन किंवा अशा गोळ्या चालू असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच, हे मी आता पहिल्याच भेटीत सांगते.

पुढं स्नायूंना ताकद देणारा व्यायामही हवा म्हटलं, तर म्हणाले, "पोतं उचलू का?" आधी डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीला हात लावून जोर, आठवड्यातून तीनदा. सगळं मिळून आठवड्याला दीडशे मिनिटं, आणि लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नाही, एवढंच ठरलं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ८.६ वरून ७.८ वर आलं. त्यात निव्वळ चालण्याचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही. भाकरीही तीनाच्या दोन झाल्या होत्या. वजन ७७.

"सोयाबीनची आवक सुरू झाली की गोदामात पाय ठेवायला जागा नसते," काका म्हणाले. "तवा कुठं फिरू?"

आम्ही दोघांनी मिळून आडतीचा नकाशा वहीच्या मागच्या पानावर काढला. मागच्या जिन्याला अठरा पायऱ्या निघाल्या.