साताऱ्याची हिल हाफ आणि बरोबर घरची मंडळी

तुम्ही विचारलंय दोन गोष्टींबद्दल. सांगलीत सपाट रस्त्यावर तुमची हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत होते, तर सप्टेंबरात साताऱ्याच्या घाटातल्या हाफ मॅरेथॉनला किती वेळ धरायचा? आणि बायको, सहा वर्षांची मुलगी नि आई बरोबर येणार आहेत, त्यांना कुठे उभं करायचं? मी साताऱ्याचीच, शाहूपुरीत राहते. ही शर्यत चार वेळा पळाले आहे आणि दरवेळी घरचे बरोबर होते. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो चुकला तर पहिल्याला काही अर्थ उरत नाही.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांना पहाटे सव्वापाचला उठवून पोलीस परेड ग्राउंडवर नेलं. पाऊस भुरभुरत होता. मुलगी झोपेत, सासूबाईंचा चहा झालेला नाही, नवऱ्याच्या खांद्याला माझी पिशवी. शर्यत सुटताना हजारो लोकांत मी त्यांना दिसले नाही ते नाहीच. परत आले तर ठरलेल्या झाडाखाली कुणी नाही आणि माझा फोन त्याच पिशवीत! गळ्यात पदक अडकवून अर्धा तास मी कुडकुडत त्यांना शोधत होते. मंडळी रस्त्यापलीकडच्या टपरीवर गरम पोहे खात बसलेली. त्यांची काय चूक? अडीच तास पावसात कोण उभं राहणार?

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. सुरुवातीला कुणीही यायचं नाही. मी एकटी चालत जाते, ते आरामात उठतात, चहा-नाश्ता उरकतात आणि समर्थ मंदिराच्या आसपास येऊन थांबतात. शर्यत शहरातून समर्थ मंदिराकडे, तिथून बोगद्याच्या बाजूने यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जाते आणि त्याच वाटेने खाली येते. त्यामुळे तुम्ही परतताना त्यांना दिसताच, आणि ते लवकर उठले तर जाताना पण. फक्त रस्त्याची कुठली बाजू, कोणतं दुकान, हे आदल्या दिवशी पायी जाऊन दाखवून ठेवा. सकाळी तो रस्ता गाड्यांना बंद असतो, म्हणून मुक्काम तिथून चालत जाता येईल असा बघा. सहा वर्षांची पोर किती चालेल ते तुम्हालाच ठाऊक.

आमच्या सासूबाई निळी छत्री घेऊन उभ्या असतात. गर्दीत माणूस ओळखू येत नाही, छत्री येते. परतीच्या वाटेवर त्या स्टीलच्या डबीतून राजगिऱ्याचा अर्धा लाडू काढून हातावर ठेवतात आणि हटकून म्हणतात, "अगं, हळू, कोण मागे लागलंय?" गंमत म्हणजे तेव्हा मी आधीच इतकी हळू असते की शेजारचा चालणारा माणूस पुढे जातो. तरी त्या लाडवाच्या ओढीने घाटातली शेवटची वळणं सरतात. पळताना ताकदीसाठी खायचं पाकिटातलं जेल वगैरे तुमचं तुम्ही बघा, मला ते चिकट वाटतं.

आता वेळेचं. सव्वादोन तास विसरा. पहिल्या वेळी अडीच ते पावणेतीन तास धरा आणि त्यातही घड्याळाकडे न बघितलेलं बरं. अंतर तेच, 21.1 किलोमीटर, पण घाट सुरू झाला की दम सांगेल तो वेग. शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर चाला. घाटात चालणाऱ्याला साताऱ्यात कुणी हसत नाही, उलट लोक टाळ्या वाजवतात.

फसवणूक उताराची असते. चढ संपला, धुकं, गार वारा, वाटतं आता सोडून द्यावं अंग. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. सपाट रस्त्यावर पळून त्याला याची सवय होत नाही. दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. म्हणून पावलं छोटी, टाच आपटायची नाही. तुमच्याकडे चढ नाही म्हणता, पण दंडोबाचा डोंगर आहे की. ऑगस्टात तीन-चार रविवार तिकडे जा. चढून वर जा आणि खाली मुद्दाम सावकाश पळत या. मुख्य सराव तो उतरण्याचाच.

पावसाळ्यात सराव बुडतो, पाय अजून जड असतात. अशा वेळी पहिल्याच शर्यतीत जीव तोडलात तर पुढचे दोन-तीन आठवडे लंगडण्यात जातात आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा सराव तिथेच अडकतो. मी हे एकदा केलंय. दिवाळीत फराळ करायला उभी राहिले तरी गुडघा कुरकुरत होता.

सामानात व्हॅसलीन (ओल्या कपड्यांनी मांड्या नि काखा सोलवटतात), कोरडे कपडे आणि बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रं घ्या. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वतःजवळच ठेवा.

कासला जायचंय असं लिहिलंय. सप्टेंबर म्हणजे फुलांचेच दिवस, पण रविवारी नको: सकाळी रस्ता शर्यतीचा, नंतर तिथे जत्रा. सुट्टी मिळाली तर सोमवारी सकाळी जा, प्रवेशाचं ऑनलाइन बुकिंग आधीच करा. रविवारी दुपारी जेवून झोपा, संध्याकाळी मोती चौकातून कंदी पेढे आणा, बस्स. सज्जनगड आईंना दाखवायचाच असेल तर शनिवारी. शर्यतीनंतर त्या पायऱ्या उतरताना आईच तुमचा हात धरतील.

आणि खोली ठरवताना दोन गोष्टी लाज न बाळगता विचारा: तळमजला आहे का, आणि कमोड आहे का. सोमवारी सकाळी उकिडवं बसायची वेळ आली की माझी आठवण येईल. सांगलीला परतताना गाडी वहिनींना चालवू द्या. एवढा वेळ क्लच दाबणं तुमच्या मांडीच्या आवाक्यात नसेल.