बाह्य सेवेचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी

केंद्र सरकारी कार्यालयात खरेदीचे काम नव्याने हाती घेताना, निविदेच्या मसुद्याकडे वळण्याआधी ही सेवा मुळात बाहेरून का घ्यायची, याचे उत्तर टिप्पणीत लिहून काढा, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. सर्वसाधारण वित्तीय नियम, 2017 काटकसर व कार्यक्षमता साधत असेल तर साफसफाई, सुरक्षा, वाहन यांसारख्या सेवा बाहेरून घेण्याची मुभा देतात. सल्लागार नेमताना मात्र आवश्यक तज्ज्ञता खात्याकडे नाही, हे दाखवावे लागते. ‘मनुष्यबळ अपुरे आहे’ एवढ्यावर भागत नाही. एखाद्या विशिष्ट कंत्राटदारालाच काम द्यायचे असेल, तर ती परिस्थिती अपवादात्मक असावी लागते आणि खात्याच्या वित्तीय सल्लागारांशी (खर्चाच्या प्रस्तावांवर सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यांशी) विचारविनिमय करून सविस्तर कारणे प्रस्तावातच नमूद करावी लागतात.

खरी काळजी कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) दिल्यानंतर घ्यावी. स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्पष्ट केले, की कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाहीत, परंतु कंत्राट हा केवळ देखावा असल्याचे सिद्ध झाल्यास ते मुख्य मालकाचेच, म्हणजे कंत्राट देणाऱ्या संस्थेचेच, कर्मचारी ठरतात. म्हणून, कंत्राट देखावा ठरू नये यासाठी, त्यांच्या रजा मंजूर करणे किंवा रोजची कामे वाटणे आपल्या अधीक्षकांकडे ठेवू नका. ते कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाचे काम आहे. देयक मंजूर करण्यापूर्वी वेतन बँकेत जमा झाल्याचा पुरावा व भविष्य निर्वाह निधीचे चलन अवश्य मागा, कारण कंत्राटदाराने थकवलेले वेतन देण्याची जबाबदारी शेवटी मुख्य मालक म्हणून कार्यालयावरच येते, आणि तोवर त्या माणसांच्या घरची चूल अडलेली असते.