चित्रात कृष्ण दोनदा का? आणि एवढा अंधार कशासाठी?

तुमच्याकडच्या चित्राबद्दल विचारताना तुम्ही लिहिलंय की आभाळ भरून आलंय, एका कडेला गुराखी आणि नंद, दुसऱ्या कडेला झाडीत बिलगलेले राधा-कृष्ण, आणि कृष्ण दोन ठिकाणी दिसतो. एवढ्यावरूनच ओळख पटते. हे जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’तल्या, म्हणजे बाराव्या शतकातल्या काव्यातल्या, अगदी पहिल्या श्लोकाचं पहाडी, म्हणजे हिमालयातल्या डोंगरी संस्थानांच्या शैलीतलं, चित्र आहे.

श्लोकात राधेला सांगितलं जातं: आभाळ दाटलंय, तमालाच्या झाडांनी रान काळवंडलंय, हा कृष्ण रात्रीला भितो, तूच याला घरी पोचव. दोघं निघतात ती यमुनेच्या काठाने, वाटेतल्या एकेका कुंजाशी, एकेका झाडाशी रमत. घर राहतं बाजूलाच! म्हणून कृष्ण दोनदा. एक निघतानाचा, एक वाटेतला. एकाच चौकटीत पुढचा-मागचा प्रसंग रंगवायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे, अजिंठ्याच्या जातककथांतही ती दिसते.

आता रान बघा, चित्राचा जीव तिथे आहे. ज्या अंधाराची नंदाला काळजी, तोच या दोघांचा आडोसा होतो. जयदेवाने रानभूमीला ‘श्याम’ म्हटलंय, आणि तेच कृष्णाचं नाव. तमालाचं काळसर खोड आणि कृष्णाचा सावळा रंग शेजारी ठेवून पाहा, म्हणजे राधा कोणाच्या राज्यात शिरलीय ते कळेल. खोडाला वेढलेली वेल दिसली तर ती नुसती सजावट समजू नका. झाडाला बिलगलेली वेल ही संस्कृत काव्यात प्रेयसीची ठरलेली उपमा आहे.

श्लोकातले हे बोल नंदाचे की राधेच्या सखीचे, यावर काव्याचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांनी वाद घातलाय. तुमच्या चित्रकाराने नंदालाच समोर उभं करून आपलं मत देऊन टाकलंय, आणि मला ते पटतं. बापानेच हात धरून दिल्यावर त्या भेटीत चोरटेपणा उरत नाही.

गुलेर या पहाडी संस्थानातल्या माणकू या चित्रकाराने १७३० मध्ये हे काव्य रंगवलं, तेव्हा मागे सपाट रंग आणि त्यावर सुटी सुटी झाडं होती. साधारण १७७५ च्या सुमारास त्याच्या आणि भाऊ नैनसुखच्या पुढच्या पिढीने तेच काव्य पुन्हा घेतलं, तेव्हा रानाला खोली आली, नदी वळणं घेत लांब गेली. माणकूचे रंग जास्त धीट आहेत, तरी या श्लोकासाठी मी नंतरचं चित्र निवडेन. त्यातल्या रानात दोघांना खरंच हरवता येतं.